ग्लासात उतरण्याआधीची चव

२०१८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या कुठल्याही क्राफ्ट बिअरवाल्याला ‘आता पुढची लाट कसली?’ असं विचारलं असतं, तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळालं असतं : ब्रूट आयपीए. सान फ्रान्सिस्कोतल्या ‘सोशल किचन अँड ब्रुअरी’ या लहानशा पबात किम स्टर्डेव्हंट या ब्रुअरने २०१७ च्या अखेरीस ती काढली होती. शॅम्पेनसारखी कोरडी, फिकट, बुडबुड्यांनी भरलेली. गोडीचा लवलेश नाही. काही महिन्यांत ती देशभरच्या पबांत नळाला लागली. दोनेक वर्षांत मात्र ती अशी काही गायब झाली, की आज एखाद्या फळ्यावर तिचं नाव दिसलं तर वाटावं, कुणीतरी जुनी अक्षरं पुसायला विसरलंय.

तिच्या आधी काही वर्षं व्हरमाँट या डोंगराळ राज्यात अगदी उलट्या वळणाची बिअर तयार होत होती. गढूळ, संत्र्याच्या रसासारखी दिसणारी. जाणकार तिच्याकडे पाहून नाक मुरडत. ‘गाळायची राहिली वाटतं,’ म्हणत. वॉटरबरी गावातल्या ‘द अल्केमिस्ट’ची हेडी टॉपर हा तिचा मूळपुरुष, किंवा खरं तर मूळ माय. जॉन किमिक या ब्रुअरने ती आपल्या पबात काढली. ऑगस्ट २०११ मध्ये आयरीन वादळाच्या पुरात तो पब वाहून गेल्यासारखाच झाला, आणि त्याच आठवड्यात त्यांची कॅन भरण्याची जागा सुरू झाली. कॅनवर ठसठशीत सूचना होती की ग्लासात ओतू नका, कॅनमधूनच प्या. ग्लासात ती कशी दिसते याची त्यांना कल्पना असणारच. ही गढूळ बिअर ‘न्यू इंग्लंड आयपीए’ किंवा ‘हेझी’ या नावाने जगभर गेली आणि अजून ठाण मांडून आहे.

दोन्ही आयपीएच, म्हणजे ‘इंडिया पेल एल’ या कुळातल्या. दोन्ही नव्या, दोन्हींचा गवगवा झाला. एक टिकली, एक विरली. हे आधी ओळखता आलं असतं का? माझं उत्तर आहे, बरंचसं. पण त्यासाठी पिणाऱ्याच्या जिभेकडे पाहून भागत नाही. शेत, प्रयोगशाळा, टाकी आणि कराचा कागद या चार ठिकाणी जावं लागतं. बिअरची पुढची चव ग्लासात उतरण्याच्या कितीतरी आधी तिथे तयार होत असते.

आधी थोडं मूळ समजून घेऊ. बिअर म्हणजे पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. सातूला मोड आणायचे आणि मोड फुटताच भट्टीत सुकवायचे, की झालं माल्ट. लहान मुलांसाठी नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून ठेवणाऱ्या घरांना यातलं निम्मं ज्ञान आधीच आहे. मोड येताना दाण्यात एन्झाइम्स जागी होतात. भरडलेलं माल्ट साधारण पासष्ट अंश तापमानाच्या पाण्यात ठेवलं की ती पिठाची साखर करतात. हा गोड काढा गाळून हॉप्स घालून उकळायचा, गार करायचा आणि यीस्टच्या हवाली करायचा. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि वायू सोडतं, आणि जाता जाता स्वतःचेही काही वास ठेवून जातं.

हॉप्स ही एका वेलीची हिरवी, कागदी पाकळ्यांची बोंडं. पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट भुकटी असते. सगळी करामत तिची. चहाचं उदाहरण घ्या. आलं सुरुवातीलाच टाकून उकळलं की तिखटपणा उतरतो. वेलची मात्र गॅस बंद करताना टाकायची, नाहीतर वास वाफेबरोबर जातो. हॉप्सचंही तसंच. आधी टाकले की कडवटपणा, शेवटी टाकले की सुगंध. उकळणं संपून बिअर टाकीत आंबत असताना किंवा आंबून झाल्यावर थंडच टाकले, तर आंबा, संत्रं, पॅशनफ्रूट असे वास येतात आणि कडूपणा फारसा वाढत नाही. हेझी आयपीए ही सगळी या शेवटच्या युक्तीवर उभी आहे. लिटरमागे पंधरा-वीस ग्रॅम हॉप्ससुद्धा त्यात सहज जातात. साध्या लागरला, म्हणजे थंडीत सावकाश मुरणाऱ्या बिअरला, दोन-तीन ग्रॅम पुरतात.

आता मुख्य मुद्दा. या चार घटकांची आणि ब्रुअरच्या युक्त्यांची घड्याळं वेगवेगळ्या गतीने चालतात.

पाण्याचं घड्याळ आज जवळपास थांबलेलंच आहे. एके काळी इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या जिप्समयुक्त पाण्यामुळे तिथली पेल एल धारदार लागे आणि चेक प्लझेनच्या मऊ पाण्यामुळे तिथली लागर मवाळ. आता कुठलाही ब्रुअर क्षार तोलून टाकतो आणि दुपारपर्यंत बर्टन तयार. त्यामुळे पाण्याकडे बघून भविष्य कळत नाही. माल्टचंही फारसं वेगळं नाही.

युक्त्यांचं घड्याळ सगळ्यात वेगवान. ब्रूट आयपीए ही अशी युक्ती होती. यीस्टला न पचणाऱ्या लांब साखळ्यांच्या साखरा तोडणारं एक एन्झाइम टाकायचं, म्हणजे यीस्ट सगळं फस्त करतं आणि बिअर खडखडीत कोरडी होते. हे पाकीट बऱ्याच ब्रुअऱ्यांच्या फळीवर आधीपासून होतं. म्हणून तर ती काही महिन्यांत पसरली. पण जे सोमवारी कुणालाही करता येतं ते शुक्रवारपर्यंत सगळे करतात, आणि पुढच्या सोमवारी सोडूनही देतात, कारण त्यात कुणाचंच काही गुंतलेलं नसतं. ना शेतकऱ्याने त्यासाठी मळा लावलेला, ना ब्रुअरने टाकी घेतलेली. शिवाय तिने लोकांना दिलं ते ‘नसणं’ : गोडी नाही, अंग नाही, भरीवपणा नाही. उपवासाला पहिल्या दिवशी मजा येते, तसं ते झालं.

हॉप्सचं घड्याळ याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. इथे मला जरा रेंगाळायचं आहे.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात कॉर्व्हॅलिस इथे सरकारी हॉप्स संशोधनातून ‘कॅस्केड’ ही जात निघाली. तिचं काम १९५६ मध्ये सुरू झालं आणि जात बाजारात आली १९७२ मध्ये. सोळा वर्षं. ती काढली होती मोठ्या लागर कंपन्यांसाठी, जर्मन सुगंधी हॉप्सना देशी पर्याय म्हणून. तिला येणारा ग्रेपफ्रूटसारखा, लिंबाच्या सालीसारखा वास त्या कंपन्यांच्या लेखी दोषच म्हणायचा. पण सान फ्रान्सिस्कोतल्या ‘अँकर’ ब्रुअरीने १९७५ मध्ये लिबर्टी एलमध्ये कॅस्केड भरपूर वापरलं. कॅलिफोर्नियातल्याच चिको गावात केन ग्रॉसमन यांच्या ‘सिएरा नेवाडा’ने १९८० च्या सुमारास तिच्याच जोरावर पेल एल काढली. अमेरिकन क्राफ्ट बिअरची चव म्हणून पुढची वीस-पंचवीस वर्षं जी ओळखली गेली ती ही. तिचं बी रुजलं तेव्हा क्राफ्ट बिअर हा शब्दही नव्हता.

‘सिट्रा’ची गोष्टही अशीच. तिचा संकर झाला १९९० मध्ये. कित्येक वर्षं ती ‘एचबीसी ३९४’ अशा रुक्ष आकड्याने ओळखली जात होती. नाव आणि बाजार मिळायला २००७-०८ उजाडलं. आंबा, लिची, लिंबू यांचा वास असलेले हॉप्स. त्यानंतर २०१२ मध्ये तिच्या बरोबरीची ‘मोझॅक’ आली, त्याआधी ऑस्ट्रेलियातून ‘गॅलॅक्सी’. हेझी आयपीएचा जो फळफळावळी वास लोकांना वेड लावून गेला, तो या जातींचा आहे. म्हणजे २०१० मध्ये एखाद्याने वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात जाऊन कुठल्या जातीची लागवड वाढतेय एवढंच पाहिलं असतं, तर पुढची बिअर आंब्या-संत्र्याच्या वासाची असणार हे त्याला कळलं असतं. ती गढूळ असेल, हे मात्र कळलं नसतं. शेत दिशा सांगतं, नाव सांगत नाही. कॅस्केड लावणाऱ्यांनाही तिचं पुढे काय होणार हे ठाऊक नव्हतं, हे विसरू नये.

हॉप्सचा मळा म्हणजे साडेपाच मीटर उंच खांब, वर तारा, तारांवरून सोडलेल्या दोऱ्या आणि दोऱ्यांवर चढणारे वेल. पहिल्या वर्षी पीक जेमतेम, पूर्ण उत्पन्न तिसऱ्या वर्षाच्या सुमारास. नाशिककडच्या द्राक्षबागायतदाराला हा हिशोब समजावून सांगायला नको. मांडवात एकदा पैसा घातला की जात बदलणं म्हणजे वर्षांचं नुकसान. म्हणून शेतकरी ब्रुअरींशी अनेक वर्षांचे करार करतात आणि ते करार हीच एक भविष्यवाणी असते. ती चुकते तेव्हा गोदामं भरतात. अमेरिकेच्या शेती खात्याचे हॉप्स-क्षेत्राचे आकडे उघड्यावर असतात. २०२१ मध्ये हे क्षेत्र साठ हजार एकरांच्या पुढे होतं. २०२४ मध्ये ते पंचेचाळीस हजारांच्या आसपास आलं. एवढे वेल उपटले जातात तेव्हा सगळा दोष एका शैलीचा नसतो; एकूण बिअरच कमी खपू लागली होती. पण ‘दर वर्षी आणखी हॉप्स’ हा जो क्राफ्ट बिअरचा तीस वर्षांचा धडाका होता, तो थांबला आहे हे त्या एका आकड्यात वाचता येतं. कुठल्याही चवीच्या सर्वेक्षणापेक्षा मी त्यावर जास्त विश्वास ठेवेन.

आणखी एक सोपी खूण. कॅनवर हॉप्सच्या नावाऐवजी आकडा दिसला, तर थांबून वाचावं. ‘एचबीसी ५८६’ हा आकडा काही वर्षं ब्रुअरींच्या प्रायोगिक बिअरींवर फिरत होता. पुढे त्याला ‘क्रश’ हे नाव मिळालं. आकड्याला नाव मिळतं ते त्याच्यावर पुरेशा ब्रुअरांनी पैसे लावल्यावरच. बारशाआधी पाळण्यात डोकावण्यासारखं आहे हे.

यीस्टचं घड्याळ मधल्या गतीचं, वर्षा-दोन वर्षांचं. पश्चिम नॉर्वेतल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या जपलेलं ‘क्वाइक’ हे यीस्ट बाहेरच्या जगाला लार्स मारियुस गार्शोल या संशोधक-लेखकामुळे नीट कळलं. शेतकरी ते लाकडी कड्यांवर वाळवून ठेवत. नेहमीची एल वीस अंशांच्या आत-बाहेर आंबवतात. क्वाइक पस्तीस-चाळीस अंशांतही खुशाल काम करतं आणि काही दिवसांत मोकळं होतं. दुसरीकडे प्रयोगशाळांत यीस्टच्या जनुकांत फेरफार करून असं यीस्ट तयार झालं, की माल्ट आणि हॉप्समध्ये बांधून पडलेले पेरू-पॅशनफ्रूटच्या वासाचे गंधकयुक्त रेणू ते मोकळे करतं. २०२१ पासून ते विक्रीला आहे. दोन्हींचं कौतुक झालं. माझ्या मते दोन्ही हत्यारंच राहिली, शैली झाल्या नाहीत. पिणाऱ्याला ‘मला क्वाइक द्या’ म्हणावंसं वाटत नाही, कारण क्वाइकने काय वेगळं झालं ते त्याच्या जिभेला ओळखू येईलच असं नाही. पण ब्रुअरचा वेळ वाचला, आणि वेळ वाचवणारी गोष्ट पडद्यामागे टिकते.

आंबट बिअरीचंही असंच झालं. पूर्वी आंबट बिअर म्हणजे लाकडी पिंपात महिने, प्रसंगी वर्षं मुरवलेली. मग गोड काढ्यातच दह्यातल्यासारखे जीवाणू सोडून, तो एक-दोन दिवस कोमट ठेवून, आंबट झाल्यावर उकळण्याची पद्धत रूढ झाली. वर्षांचं काम दिवसांवर आलं. जर्मनीतल्या लाइपझिग शहराची ‘गोझं’ ही मीठ आणि धणे घातलेली आंबट बिअर जवळजवळ नामशेष झाली होती. १९८० च्या दशकात तिथल्याच काही हौशी मंडळींनी ती पुन्हा जिवंत केली. अमेरिकेत ती पसरली ती मात्र या नव्या झटपट पद्धतीवर बसून.

आता टाकी. ब्रुअरीतली सगळ्यात महाग गोष्ट म्हणजे स्टीलची टाकी, आणि टाकीचा प्रत्येक दिवस हा पैसा. एल दोन-तीन आठवड्यांत विकायला तयार. लागर थंडीत सावकाश मुरते. सहा-आठ आठवडे एकच बिअर टाकी अडवून बसते. क्राफ्ट ब्रुअऱ्यांनी सुरुवातीपासून एलवर भर दिला यामागे अभिरुचीपेक्षा हा हिशोब मोठा होता, असं मला वाटतं. धंदा दर वर्षी वाढत असताना टाकी रिकामी ठेवणं परवडत नाही. अमेरिकेत आता नऊ हजारांवर ब्रुअऱ्या आहेत, आणि २०२४ मध्ये नव्याने उघडलेल्यांपेक्षा बंद पडलेल्या जास्त होत्या. म्हणजे टाक्या मोकळ्या झाल्या. मोकळ्या टाकीत लागर आठ आठवडे पडून राहिली तर कुणाचं बिघडत नाही. शिवाय हॉप्स थोडे लागतात. गेल्या काही वर्षांत छोट्या ब्रुअऱ्यांच्या फळ्यावर पिल्सनर, मेक्सिकन धर्तीची लागर, तांदळाची लागर का वाढली, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं उत्तर माणसाच्या कंटाळ्यात आहे. त्याचा एक जुना दाखला प्लझेनचा. १८३८ मध्ये तिथल्या वैतागलेल्या नागरिकांनी गावच्या बिअरीची छत्तीस पिंपं नगरभवनासमोर गटारात ओतली. मग त्यांनी नवी ब्रुअरी बांधली, बव्हेरियातून योझेफ ग्रोल हा ब्रुअर आणला, आणि १८४२ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने पहिली सोनेरी, नितळ पिल्सनर केली. आज जगात जी बहुतेक बिअर विकली जाते ती तिचीच लेकरं. पण नुसत्या वैतागाने ती झाली नसती. इंग्लंडच्या धर्तीची, माल्ट न करपवता फिकट सुकवणारी भट्टी तोवर आली होती. थंडीत काम करणारं बव्हेरियन यीस्ट होतं. फार दूर नसलेल्या झाटेत्सचे सुगंधी हॉप्स होते. पाणी मऊ होतं. कंटाळा आणि नवं साधन एकत्र आलं की लाट उठते. नुसता कंटाळा असेल तर तक्रार होते. नुसतं साधन असेल तर ब्रूट आयपीए.

गढूळ बिअरीचा कंटाळा आता कुठवर आलाय हे पाहायला मी एक साधी कसोटी वापरतो : पहिला घोट आणि दुसरा ग्लास. ‘अनटॅप्ड’सारख्या अॅपांवर लोक बिअरींना गुण देतात, पण गुण पहिल्या दोन घोटांवर पडतात. म्हणून तिथे जड, तीव्र, दुर्मीळ बिअरी नेहमी वर असतात. त्या यादीवरून भविष्य सांगणाऱ्याला दर वर्षी वाटतं की पुढचा काळ चॉकलेट-व्हॅनिला घातलेल्या बारा टक्क्यांच्या स्टाउटचा आहे. पण धंदा दुसऱ्या ग्लासावर चालतो. श्रीखंड वाटीभर खाऊन ‘वा!’ म्हणणारा माणूस रोज दहीभातच मागतो. हेझी टिकली, कारण तिचा दुसरा ग्लास बऱ्याच काळ मागवला गेला. स्मूदीसारख्या दाट, फळांच्या गराने भरलेल्या आंबट बिअरींचा दुसरा ग्लास मी फारसा कुणाला मागताना पाहिलेला नाही.

स्पर्धांच्या वर्गवारीकडे पाहूनही लोक अंदाज बांधतात. तिथे जरा सावध राहावं. अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनने ‘ज्यूसी किंवा हेझी’ हा गट आपल्या नियमावलीत घातला २०१८ मध्ये, आणि त्याच वर्षी डेन्व्हरच्या ‘ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हल’मध्ये सर्वाधिक प्रवेशिका त्याच गटात आल्या. हेडी टॉपर कॅनमध्ये आली त्याला तोवर सात वर्षं झाली होती. नियमावलीत नाव येणं म्हणजे लाट येतेय असं नाही. ती किनाऱ्यावर पोचली आहे आणि आता मोजता येते, एवढंच.

आता आलेखाला पट्टी लावून रेषा पुढे ओढणाऱ्यांबद्दल. २०१९ मध्ये अमेरिकेत हार्ड सेल्टझरची, म्हणजे फळाच्या वासाच्या मद्ययुक्त सोड्याची, अशी काही झुंबड उडाली की बिअर संपणार असं बोललं जाऊ लागलं. ‘सॅम्युअल अॅडम्स’ बनवणाऱ्या बोस्टन बिअर कंपनीने आपल्या ‘ट्रूली’ सेल्टझरसाठी प्रचंड माल आणि क्षमता उभी केली. २०२१ मध्ये वाढ अचानक मंदावली आणि कंपनीला लाखो पेट्यांचा शिळा होऊ घातलेला माल नष्ट करावा लागला. कंपनीने वाढीचा अंदाज चुकल्याचं जाहीरपणे मान्य केलं. क्राफ्ट बिअरीचा पाया घालणाऱ्यांपैकी ही एक कंपनी. ज्यांचं आयुष्य यात गेलं त्यांचंही असं होतं. सेल्टझर ही पुन्हा सोमवार-शुक्रवारच्या जातीची गोष्ट होती : साखर आंबवा, वास घाला, कॅन भरा. सगळ्यांनी केली.

कराचा कागद हा सगळ्यात नीरस, पण सगळ्यात भरवशाचा ज्योतिषी. बेल्जियममध्ये १९१९ च्या कायद्याने कॅफेत कडक दारू विकायला बंदी घातली, आणि तिथल्या बिअरी कडक होत गेल्याचं श्रेय बऱ्याच अंशी त्या कायद्याला दिलं जातं. ब्रिटनमध्ये १ ऑगस्ट २०२३ पासून साडेतीन टक्क्यांच्या खालच्या बिअरीला कर कमी झाला. पाठोपाठ कित्येक ओळखीच्या बिअरी गुपचूप ३.४ टक्क्यांवर उतरल्या. ज्याने तो कायदा वाचला होता त्याला हे सांगायला जिभेची गरज नव्हती. आयपीएचा जन्मही याच कुळीतला. ती भारताच्या प्रवासासाठी मुद्दाम शोधली गेली ही दंतकथा आहे. हॉप्स जास्त घातलेली फिकट बिअर इंग्लंडात आधीपासून होती. लंडनच्या बो भागातला जॉर्ज हॉजसन हा ब्रुअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या गोदीजवळ होता, आणि कप्तानांना लांबलचक उधारीवर माल देत होता. मुंबई, मद्रास, कलकत्त्याकडे येताना जहाजांत जागा भरपूर आणि भाडं कमी असे. म्हणून ती बिअर इथे पोचली, इथल्या गोऱ्या साहेबांना आवडली आणि मग भारताचं नाव तिला चिकटलं. गोदीपासूनचं अंतर आणि उधारीची मुदत यांनी ठरवलेली ही शैली आज जगातल्या क्राफ्ट बिअरीची राणी आहे.

मग आता पुढे काय? अमेरिकेपुरतं मी सांगतो. हॉप्सचे मळे आकसलेत, टाक्या रिकाम्या आहेत, पिणारा हेझीच्या जडपणाला थोडा कंटाळलाय आणि कमी पितोय. या चारही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात : नितळ, हलकी, साडेचार टक्क्यांच्या आतबाहेरची लागर, पण नव्या फळगंधी हॉप्सचा शेवटी हलका हात फिरवलेली. याचं बीज इटलीत आधीच पडलंय. अगोस्तिनो आरिओली यांनी १९९६ मध्ये ‘तिपोपिल्स’ नावाची पिल्सनर काढली. मुरल्यावर थंडच जर्मन सुगंधी हॉप्स टाकलेली. तिच्या प्रेरणेने कॅलिफोर्नियात ‘फायरस्टोन वॉकर’ने ‘पिवो’ केली. पोर्टलंडच्या ‘वेफाइंडर’मध्ये केव्हिन डेव्ही यांनी २०१८ मध्ये लागर यीस्टवर आंबवलेली, कोरडी ‘कोल्ड आयपीए’ आणली, तीही याच कुळातली. या तिन्हींपैकी कुठल्या नावाखाली ही चव घरोघर जाईल ते सांगणं हा माझा प्रांत नाही. अल्कोहोलविरहित बिअर मात्र मी पक्की धरतो. पूर्वी ती बेचव असे, कारण अल्कोहोल उडवताना वासही उडत. आता कमी दाबाखाली, कमी तापमानाला अल्कोहोल काढता येतो, शिवाय माल्टमधली मुख्य साखर न खाणारी यीस्टही मिळतात. साधन आहे, गरज आहे, आणि उपकरणांत लोकांचा पैसा अडकलेला आहे. अशी गोष्ट सहजासहजी फळ्यावरून पुसली जात नाही.

आपल्याकडे मात्र ही घड्याळं वेगळी लावावी लागतात. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ सुरू झाली तेव्हा (हे नाव नाशिकजवळच्या देवळालीचं, जहाजाची वाट पाहत तिथल्या छावणीत डोकं फिरलेल्या गोऱ्या शिपायांमुळे इंग्रजीत तो वेडसरपणाला शब्द झाला) बाटलीतली कडक लागर हीच लोकांची बिअर होती. मग गव्हाची, जर्मन धर्तीची गढूळसर बिअर आली आणि पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअऱ्यांत तिनेच बस्तान बसवलं. लोकांना कडू आवडत नाही, असं स्पष्टीकरण सर्रास दिलं जातं. त्यात तथ्य आहे. पण हॉप्स आयात करावे लागतात आणि ते महाग पडतात, हेही आहे. भारतात हिमाचलातल्या लाहौलमध्ये ते थोडेफार होतात. महाराष्ट्रात वेलीला हवे असलेले उन्हाळ्याचे लांब दिवसच नाहीत. गव्हाच्या बिअरीचा केळ्या-लवंगेचा वास यीस्टमधून येतो, हॉप्समधून नाही. कमी हॉप्स, दोन-तीन आठवड्यांत तयार, आणि बाटलीतल्या बिअरीपेक्षा डोळ्यांनाही वेगळी. हिशोब इथेही जिभेच्या आधी बसला होता.

त्याच हिशोबाने पुढचं बघू. आंबेमोहोर तांदळाची लागर ही कल्पना कुणीही ऐकताच उचलून धरील. मी नाही धरणार. आंबेमोहोराचा वास ज्या रेणूमुळे येतो तो उडून जाणारा आहे. बिअरीचा काढा तासभर उकळतो. सगळं झाल्यावर ग्लासात उरेल तो साधा तांदूळ, नाव तेवढं आंबेमोहोर. साधा तांदूळ तर आपल्या मोठ्या कंपन्या वर्षानुवर्षं बिअरीत घालतच आहेत. नाचणीचा दावा जास्त खरा आहे, कारण मोड आलेल्या नाचणीत पिठाची साखर करण्याची ताकद चांगली असते आणि ती इथल्या डोंगरउतारांवर पिकते. पण दाणा इतका बारीक की गाळताना ब्रुअरची कंबर मोडते. हे गाळणीचं गणित कुणी सोडवलं, तर नाचणी.

हापूस घातलेली बिअर दर उन्हाळ्यात येते आणि छान खपते. तरी ती शैली होत नाही, कारण तिचं घड्याळ दोन महिन्यांचं आहे. माझा पैसा मी कोकमावर लावेन. पुण्याच्या ‘ग्रेट स्टेट एलवर्क्स’ने कोकम घातलेली खारट-आंबट एल काढली, तेव्हा मला पहिल्यांदा हे जाणवलं : आंबटपणा, मीठ, धणे. लाइपझिगची गोझं आणि आपलं कोकमाचं सार यांची सामग्री जवळजवळ एकच आहे. आंबट करायची झटपट पद्धत हाताशी आहे. हॉप्स नावापुरते लागतात, टाकी फार दिवस अडत नाही, आणि उकाड्यात दुसरा ग्लास मागवला जातो. शिवाय तिचा रंग : आंबटाच्या सहवासात कोकमाचा लाल खुलतो. रातांबे एप्रिल-मेमध्ये पिकतात, पाऊस लागायच्या आत सालं रसात बुडवून उन्हात वाळवली की आमसुलं वर्षभर पुरतात. हापूसची बिअर जूनमध्ये फळ्यावरून पुसावी लागते. कोकमाची पुसायला काही कारण नाही.